सील पाहिल्यावाचून केलेली सही

सज्जन हा शब्द आपण फार स्वस्त करून टाकला आहे. जो कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही, रविवारी वेळेवर मिस्साला येतो, सणाच्या वर्गणीला नाही म्हणत नाही आणि शेजाऱ्यांशी भांडत नाही, तो सज्जन. या व्याख्येप्रमाणे मीही अनेक वर्षे सज्जनांच्या यादीत होतो. धर्मग्रामातील लोक माझ्याकडे आदराने पाहत, प्रसंगी मिस्सात वाचनही माझ्याकडे येई. परंतु सज्जनपणा आणि नीतिमत्त्व यांत केवढे अंतर असू शकते, हे मला न्हावा शेवाच्या बंदरावर, एका कागदाच्या तुकड्याने शिकवले. ती हकीगत सांगताना आजही संकोच वाटतो. तरीही सांगतो, कारण ती ऐकून एखाद्याचा हात सही करण्यापूर्वी क्षणभर थांबला, तर ही लाज कारणी लागली असे मी समजेन.

माझा जन्म वसईचा. घरची थोडी वाडी होती. केळी, भाजी आणि थोडी फुले एवढेच उत्पन्न. वडील पहाटेच्या गाडीने पाट्या घेऊन दादरला जात. आदल्या रात्री कंदिलाच्या उजेडात पाटी भरण्याचे काम चाले, आणि तेथेच माझे धर्मशिक्षण झाले असे म्हटले तरी चालेल. पाटीच्या तळाशी किडकी वांगी घालावीत आणि वर ताजी, टवटवीत मांडावीत, ही बाजाराची रीत होती. घेणारालाही ती ठाऊक होती. तो त्या हिशेबानेच भाव पाडून मागे. वडिलांनी ती रीत कधी पाळली नाही. एकदा मी लहानपणीच्या शहाणपणाने चार डागी वांगी खाली सरकवली, तेव्हा त्यांनी अख्खी पाटी ओट्यावर उपडी केली आणि पुन्हा पहिल्यापासून भरावयास लावली. आमच्या बोलीत ते एवढेच म्हणाले की, पाटी वरून जशी दिसते तशीच तळाला असली पाहिजे. त्या रात्री मला झोप आली होती आणि वडिलांचा राग आला होता. त्या वाक्याची किंमत कळावयास मात्र पुढची वीस-पंचवीस वर्षे जावी लागली.

२६ मे १९८९ रोजी न्हावा शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर राष्ट्राला अर्पण झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस मी नोकरीच्या शोधात उरणला आलो. बंदराच्या आसपास माल साठवणाऱ्या, वाहून नेणाऱ्या, जकातीची कागदपत्रे करणाऱ्या अनेक कंपन्या उभ्या राहत होत्या. वसईहून, गोव्याहून, मंगळूरहून आलेली आमच्यासारखी काही ख्रिस्ती कुटुंबे त्या निमित्ताने या भागात स्थिरावली. आम्हांला ही भूमी म्हणजे नवी संधी वाटत होती. जे पिढ्यान्‌पिढ्या येथे राहत होते त्या आगरी-कोळी बांधवांना ती काय वाटत होती, हे समजून घेण्याची आम्हांला फारशी गरज भासली नाही.

वास्तविक ती कथा आमच्या पायाखालीच होती. जेथे आज अजस्र क्रेन उभ्या आहेत तेथे भातखाचरे होती, मिठागरे होती, कोळ्यांच्या होड्या लागत होत्या. शेव्याचा कोळीवाडा उठवून उरणजवळ नेऊन वसवला गेला. भूसंपादनाच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले आणि १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी झालेल्या पोलीस गोळीबारात पाच शेतकऱ्यांनी प्राण गमावले. संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व पुढे मान्य झाले, ते त्या रक्ताच्या मोलाने. ज्यांची जमीन गेली त्यांच्यातील कित्येक तरुण त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या आवारांत कंत्राटी मजूर म्हणून रोजंदारीवर राबत. मी त्यांच्या हजेरीशेजारी खुर्ची टाकून बसणारा कारकून होतो.

माझे काम टॅलीचे. बंद कंटेनर आवारात आला की त्याच्या दारावरचे सील तपासावयाचे, त्यावरचा क्रमांक कागदावरील क्रमांकाशी जुळतो की नाही हे पाहावयाचे, सील अभंग असल्याची नोंद करावयाची आणि मग दार उघडून खोकी मोजून घ्यावयाची. बाहेरच्या माणसाला हे काम क्षुल्लक वाटेल. परंतु सातासमुद्रांपलीकडून आलेल्या त्या लोखंडी पेटाऱ्यात काय आहे हे वाटेत कोणीच पाहिलेले नसते. पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा सारा विश्वास त्या चिमुकल्या सीलवर आणि ते मी डोळ्यांनी पाहिले, या टॅली कारकुनाच्या शब्दावर टांगलेला असतो. खरे तर टॅली कारकून हा साक्षीदारच असतो, पण त्या वेळी मी स्वतःला केवळ पगारी नोकर समजत होतो.

१९९७ च्या ऑगस्टमधील संध्याकाळ. पाऊस असा कोसळत होता की समोरचा दिवा दिसत नव्हता. शेवटचा कंटेनर आवाराच्या पार टोकाला उतरवला गेला होता. उरणकडे जाणारी एसटी सुटावयास काही मिनिटेच उरली होती आणि घरी धाकट्या मुलीला ताप होता. मी छत्री उघडली, दोन पावले टाकली आणि परत फिरलो. कागदावर सीलचा जो क्रमांक छापला होता तोच टॅलीच्या रकान्यात उतरवला, पुढे ‘सील अभंग’ असे लिहिले आणि सही केली. या साऱ्याला अर्धे मिनिटही लागले नसेल. एसटी मिळाली.

दुसऱ्या दिवशी कंटेनर उघडला तेव्हा चौदा खोकी कमी भरली. चौकशी झाली. आदल्या संध्याकाळी सील अभंग होते, असे माझा कागद सांगत होता. तेव्हा चोरी रात्रीत आवारातच झाली असली पाहिजे, हा निष्कर्ष सरळ होता. रात्रपाळीच्या टोळीवर संशय आला. पुरावा कसलाच नव्हता, पण कंत्राटी मजुराला काढून टाकण्यासाठी पुरावा लागत नाही. जवळच्याच गावातील एका तरुणाला ‘उद्यापासून येऊ नकोस’ असे सांगण्यात आले. तो रात्री त्या बाजूला दिसला होता, एवढेच कारण. फाटकाबाहेर पडताना त्याने एकदा वळून आम्हां सर्वांकडे पाहिले. मी कागदांत तोंड खुपसून बसलो होतो.

ते सील संध्याकाळी खरोखर अभंग होते की वाटेतच कुठेतरी तुटले होते, हे मला ठाऊक नव्हते. आजही नाही. ‘मी पाहिले नाही’ हे तीन शब्द मी उच्चारले असते तर चौकशी वेगळ्या वाटेने गेली असती आणि त्या मुलावर बोट दाखवणे कोणालाही शक्य झाले नसते. ते शब्द माझ्या जिभेवर आले नाहीत असे नाही. पण घराचे हप्ते, मुलींच्या शाळेची फी, वरिष्ठांसमोर खाली जाणारी मान, अशी कारणे एकामागून एक माझ्या मदतीला धावली. मोहाच्या वेळी कारणांचा तुटवडा कधीच पडत नाही. ‘मी काही चोरी केलेली नाही’ या वाक्याने मी रोज रात्री स्वतःला निजवत असे. पुढच्याच रविवारी मिस्सात पहिले वाचन माझ्याकडे होते. ते मी स्पष्ट उच्चारांत, न अडखळता वाचले.

सहा महिने गेले. १९९८ चा प्रायश्चित्तकाळ आला. दरवर्षीच्या शिरस्त्याप्रमाणे मी पापनिवेदनाला गेलो. राग, आळस, प्रार्थनेतील विक्षेप, असे नेहमीचे सांगून झाल्यावर ‘कामात थोडी लबाडी झाली’ असे चटकन म्हणून टाकले. समोरचे धर्मगुरू वयोवृद्ध होते. त्यांनी विचारले, “लबाडी म्हणजे काय?” मग मात्र सारे बाहेर आले. ते बराच वेळ गप्प राहिले. नंतर म्हणाले, “तू सातव्या आज्ञेचा विचार करतो आहेस, म्हणून तुला आपण निर्दोष वाटतो. तुझे पाप आठव्या आज्ञेचे आहे. तू खोटी साक्ष दिलीस. देव क्षमा करील, पण त्या मुलाचे गेलेले नाव कोण परत देईल? ते तुलाच द्यावे लागेल.”

त्यांनी मला प्रायश्चित्त म्हणून मत्तयच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय वाचावयास सांगितला. मला नवल वाटले. वंशावळीच्या त्या अध्यायात माझ्यासाठी काय असणार? रात्री वाचताना योसेफापाशी येऊन थांबलो. मत्तय त्याला नीतिमान म्हणतो, आणि कोणत्या प्रसंगी? मरियेविषयी त्याच्या मनात गोंधळ माजला असता, सर्व कायदा त्याच्या बाजूने असता, तिची चारचौघांत बेअब्रू होऊ नये याची त्याने काळजी घेतली. शुभवर्तमानातील नीतिमान मनुष्याची ही ओळख होती. स्वतःचे दुःख गिळून तो दुसऱ्याचे नाव राखतो. मी स्वतःचे नाव राखण्यासाठी दुसऱ्याचे जाऊ दिले होते. नीतिमत्त्व म्हणजे नियमांची यादी अशी माझी समजूत होती. त्या रात्री तिच्यात एक माणूस येऊन उभा राहिला.

पत्नीला सांगितले. ती बराच वेळ भांडी पुसत राहिली आणि मग म्हणाली, “अहो, नोकरी गेली तर मी शिवणकाम वाढवीन. पण मुलींना हे दुसऱ्या कोणाकडून कळता कामा नये.” दुसऱ्या दिवशी मी लेखी निवेदन घेऊन साहेबांकडे गेलो. ते वाचून साहेब चकित झाले, मग वैतागले. प्रकरण मिटले आहे, आता ते उकरून कोणाचा फायदा, असा त्यांचा प्रश्न होता. माझी नोकरी वाचली, पण वेतनवाढ रोखली गेली आणि पुढे दोन वर्षे मला टॅलीच्या टेबलावर बसवले नाही. त्या मुलाला परत घेण्याची विनंती मात्र मान्य झाली नाही.

मग त्याच्या घरी गेलो. तो बाहेर गेला होता. आई ओटीवर मासळी निवडत बसली होती. मी उभ्या उभ्याच सारे सांगितले. ती ओरडेल, शिव्या देईल अशी माझी तयारी होती. किंबहुना तशी इच्छाच होती. तिने काम थांबवले नाही. वर न पाहता म्हणाली, “पगार गेला त्याचा नाय रं वाईट वाटत, दादा. गावान चोर बोलतान पोऱ्याला.” त्याचे लग्न ठरत होते, ते मोडले होते. मी खिशातून पैशांचे पाकीट काढले. तिने मान हलवली. तिला पैसे नको होते. मी जे तिला सांगितले ते गावकीत येऊन सांगावे, एवढीच तिची मागणी होती.

एका रविवारी संध्याकाळी देवळासमोरच्या पारावर गावकी बसली. परधर्मीय, परगावचा मी एकटा कारकून हातात कागद घेऊन उभा राहिलो. सील न पाहता मी खोटी नोंद केली, त्यामुळे या मुलावर आळ आला, त्याच्याविरुद्ध कसलाही पुरावा नव्हता, असे वाचून दाखवले आणि खाली सही केली. यावेळी शब्द अडखळत होते. वृद्धांपैकी एकाने विचारले, “एवढं सहा महिने कुठं होतास?” याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मुलाने कागद घेतला, चार घड्या घालून खिशात ठेवला आणि निघून गेला. त्याने मला क्षमा केली की नाही हे त्याने कधी सांगितले नाही. मागण्याचा अधिकार मला होता असेही वाटत नाही.

त्या दिवसापासून शुभवर्तमानातील जकातदारांकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. बंदराच्या जकातीशी पोट बांधलेल्या आम्हां लोकांना ते फार जवळचे आहेत. मत्तय जकातीच्या नाक्यावरच बसला होता, आणि २१ सप्टेंबरला आपण त्याचा सण साजरा करतो. यरीहोचा जक्कय तर जकातदारांचा मुख्य. प्रभू घरी आला तेव्हा जक्कयने प्रार्थनेचे किंवा उपवासाचे वचन दिले नाही. ज्याचे अन्यायाने घेतले असेल त्याला चौपट परत करीन असे हिशेबाचे वचन दिले. मोशेच्या नियमशास्त्रात चोरलेल्या मेंढराबद्दल चौपट भरपाई सांगितली आहे, तेच माप त्याने स्वतःला लावले. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले तेव्हा त्यानेही त्यांना नाका सोडून रानात या असे सांगितले नाही. ठरलेल्यापेक्षा अधिक घेऊ नका, एवढेच सांगितले. देवाचे राज्य जकातीच्या टेबलावरही येऊ शकते, हा त्याचा अर्थ.

आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांचेही स्मरण होते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांनी क्रुसावर प्राण दिले आणि ८ जून १८६२ रोजी त्यांना संतपद जाहीर झाले, हे आपण मुलांना शिकवतो. परंतु फ्रान्सिस्कन बंधू होण्यापूर्वी ते व्यापारी होते आणि पुढे जपानमध्ये मिशनऱ्यांचे दुभाषी होते, याकडे आपले कमी लक्ष जाते. दुभाष्याचे सारे काम विश्वासाचे; समोरच्याला भाषा कळत नाही, तेव्हा कोणते शब्द पोचवावे हे त्याच्याच हाती. असा मनुष्य अखेरच्या क्षणी अचानक धीट झाला नसेल. रोजच्या शब्दाला जागत जागत त्याचा कणा ताठ झाला असला पाहिजे.

संत थॉमस अक्विनास यांनी सद्‌गुणाला सवय म्हटले आहे ते याच अर्थाने. विवेक, न्याय, धैर्य आणि संयम हे चार मूलभूत सद्‌गुण आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केले. पण पाठांतराने ते अंगी येत नाहीत; पोहणे जसे पाण्यात उतरूनच येते, तसे न्यायी कृत्य करीत करीतच मनुष्य न्यायी होतो. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. त्या पावसाळी संध्याकाळी माझे धैर्य एकाएकी खचले नव्हते. त्याआधी कितीतरी वेळा मी दुरूनच सील पाहून नोंद केली होती, चहापाण्याच्या नावाने मिळालेली दहा-वीसची नोट खिशात टाकली होती. एसटी पकडण्याची घाई हे केवळ निमित्त. पाटीच्या तळाशी किडकी वांगी केव्हाच साठली होती.

लहानशा खोट्या नोंदीचे मोल किती मोठे असू शकते, हे आमच्या व्यवसायाने जगाला दाखवले आहे. जानेवारी २००७ मध्ये ‘एमएससी नेपोली’ हे कंटेनरवाहू जहाज इंग्लिश खाडीत वादळात तडकले. तपासात डेकवरील सुमारे ६६० कंटेनरांची वजने ताडून पाहण्यात आली, तेव्हा १३७ कंटेनरांच्या नोंदलेल्या आणि खऱ्या वजनांत ३ टनांहून अधिक तफावत आढळली. जहाज तडकण्याचे ते एकमेव कारण नव्हते; परंतु नोंद करणाऱ्या प्रत्येकाला आपले खोटे क्षुल्लकच वाटले असणार. अखेर १ जुलै २०१६ पासून प्रत्येक भरलेल्या कंटेनरचे वजन पडताळल्याखेरीज तो जहाजावर चढवू नये, असा आंतरराष्ट्रीय नियम लागू झाला. आता इलेक्ट्रॉनिक सील आले आहे, बंद कंटेनरच्या आत पाहणारी यंत्रे आली आहेत. हे चांगलेच झाले. तथापि मनुष्याच्या आत पाहणारे यंत्र प्रभूने पूर्वीच दिले आहे. त्याला आपण सदसद्‌विवेकबुद्धी म्हणतो. ते बंद ठेवावे की चालू, एवढेच आपल्या हाती आहे.

ते चालू राहावे म्हणून आमच्या घरात दोन-तीन साध्या गोष्टी आम्ही तेव्हापासून पाळत आलो. रात्री जपमाळेनंतर क्षणभर प्रत्येकाने मनाशी दिवस आठवावयाचा. आज मी न पाहता काय खरे म्हणून सांगितले, आणि जो समोर नव्हता त्याच्याविषयी काय बोललो, हे दोन प्रश्न विचारावयाचे. घरी कामाला येणाऱ्या बाईचा पगार महिन्याच्या पहिल्या दिवशी, तिने मागण्यापूर्वी द्यावयाचा. अडवून ठेवलेल्या मजुरीविषयी संत याकोबाने आपल्या पत्रात किती कठोर शब्द वापरले आहेत, ते वाचल्यावर याहून वेगळे करवत नाही. आणि चूक झाली तर ज्याची झाली त्याच्याकडे आधी जावयाचे, देवघरापुढे नंतर. वेदीवर अर्पण आणताना भावाशी समेट राहून गेल्याचे आठवले तर अर्पण तेथेच ठेवून परत जावे, ही प्रभूचीच शिकवण आहे. हे सारे आम्हांला नेहमी जमते असे नाही. मुली मोठ्या झाल्या तशा त्या मला माझ्याच प्रश्नांनी अडवू लागल्या, हा त्यातला लाभ.

वडील २००३ मध्ये गेले. त्यापूर्वी एकदा वाडीत बसून त्यांना ही हकीगत सांगितली होती. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने जवळची रिकामी पाटी त्यांनी उचलली, तळ झटकला आणि माझ्या हाती देऊन केळी काढावयास उठले.

आता मी सेवानिवृत्त आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी आणि न्हावा शेवा यांना जोडणारा सुमारे २२ किलोमीटरचा अटल सेतू सुरू झाला आणि मुंबई अगदी जवळ आली. कधीमधी त्यावरून जाताना खालच्या खाडीत एखादी होडी दिसते आणि मन त्या ओटीवर जाऊन बसते. तो तरुण आता प्रौढ झाला आहे. त्याचा स्वतःचा टेम्पो आहे, संसार आहे. उरणच्या बाजारात कधी समोरासमोर आलो तर तो मान किंचित हलवतो आणि पुढे जातो. तेवढ्या मान हलवण्याने माझा दिवस सार्थकी लागतो. आणि घरी येऊन वीजबिलाच्या साध्या कागदावर सही करावयाची असली, तरी मी आधी तो पूर्ण वाचतो.